लोड टाकून बघ

रोज रात्री पावणेआठला
मोडेमचे चारी दिवे एकदम जातात.
मग पहिला येतो, दुसरा लुकलुकतो, तिसरा विचार करतो,
चौथा येईपर्यंत पोर्टलनं मला बाहेर काढलेलं असतं.
उद्या वीस तारीख.
दोन फौंड्र्यांचं जीएसटी माझ्याकडं,
एक उद्यमनगरातली, एक शिरोलीची,
आणि दोन्ही मालकांचे फोन एकाच सुरात:
"वहिनी, झालं काय?"

हेल्पलाइनवरची मुलगी गोड बोलते.
बंद करा, तीस आकडे मोजा, चालू करा.
मोजले.
या आठवड्यात इतके मोजलेत की
तेवढी पावलं टाकली असती तर जोतिबाला पोचले असते.

सोमवारी इम्तियाज शिकलगार येऊन गेला.
चौगुल्यांच्या आंब्यातून आलेली केबल ओढून बघितली,
नवा कनेक्टर दाबला,
जुना स्प्लिटर काढून खिशात टाकला.
"सिग्नल एक नंबर आहे, ताई. मोडेमच गेलाय. अठराशे."
आणि चहा न घेता गेला,
म्हणजे त्यालाही खात्री नव्हती.

आण्णा तिथंच कॉटवर होते.
चाळीस वर्षं मोटारी भरल्या त्यांनी,
तांब्याच्या तारेनं अंगठ्यात पाडलेली घळ
अजून तशीच आहे.
त्यांना कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.
मागच्या दिवाळीत न्हाणीत पडले
तेव्हापासून त्यांना विचारायचा एकच प्रश्न उरलाय घरात,
आणि इचलकरंजीहून नणंदेचा फोन आला
की त्याचं एकच उत्तर:
"बरं हाय की. मला काय हुतंय."

काल दिवे गेले तसे ते उठले. भिंतीला धरून.
मोडेमकडं बघितलंच नाही.
खाली प्लगमधल्या काळ्या डबीला
बोटांची पाठ लावली,
तवा तापला का बघतात तशी.
"ह्ये लई गरम हाय. माझा मीटर आण."

मीटरवर बारा. बारा पॉइंट एक.
"बरोबर आहे की, आण्णा."
"मोकळं हाय म्हणून.
मोकळ्यावर कोनबी बारा दावतंय.
लोड टाकून बघ."

पेटीतनं निघाला स्कूटरचा ब्रेकचा बल्ब,
दोन वायरी कधीच्या जोडून ठेवलेल्या,
जणू आजच्यासाठीच.
लावला तसा पांढरा झाला, मग पिवळा,
मग विझत आलेल्या शेगडीसारखा.
अकरा. नऊ.
सात पॉइंट चार.

डबी फोडली तर आत कपॅसिटरची टोपी टम्म फुगलेली.
"पावणेआठला गल्लीत समद्यांचं टीव्ही, मिक्सर, पाण्याच्या मोटारी,
लाईन वाईच पडती. तवर ह्ये कसंबसं उभं ऱ्हातंय.
मग टेकतंय."

मी लक्ष्मीपुरीत पळाले. शटर अर्धं खाली.
"सीसीटीव्हीचा आहे, दोन अँपिअर, चालेल?"
आण्णांना फोन लावला.
"व्होल्ट तेवढाच पायजे. अँपिअर जास्त असूं दे,
लागंल तेवढाच घेतोय त्यो.
पिन बघ, मधी प्लस हाय न्हवं?"
मधी प्लस होतं. एकशे ऐंशी रुपये.

अकरा चाळीसला दोन्ही रिटर्न गेली.
चार दिवे, एकही हलेना.
आण्णा पाण्याची बादली घेऊन न्हाणीकडं निघालेले,
दर तीन पावलांना खाली ठेवत.
आजवर मला वाटायचं, सांडू नये म्हणून ठेवतात.

"आण्णा," मी म्हटलं, "बरं आहे का नाही विचारत.
बादली उचलल्यावर काय होतं?"

ते थांबले. मीटरकडं बघितलं, माझ्याकडं नाही.
मग टेबलावरच्या उघड्या डबीकडं बोट केलं:
"ती फेकू नको.
वायर चांगली हाय."
आणि बादली
माझ्या हातात दिली.